तिसरी पट्टी

भागीरथीला कोलशेतात तोंडावर 'भागीरथीबाय' म्हणायचे आणि पाठीमागं 'तोफ'. तिलाही ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. ठाण्याच्या बाजाराबाहेर रस्त्याच्या कडेला ती मासळीची पाटी घेऊन बसायची. एकदा अतिक्रमणवाले आले, पाट्या उचलून गाडीत टाकायला लागले. बाकीच्या बायका हातापाया पडल्या. भागीरथीनं काष्टा आवळला, गाडीवर चढली आणि आपल्या पाटीशेजारी फतकल मारून बसली. "पाटी नेताय ना? मग मालकिणीलापण न्या. चला, हाका गाडी!" साहेब ओरडला, शिपाई हसू दाबायला लागले, मागं रिक्षांची रांग लागली. शेवटी साहेबानंच हात जोडले. उतरली ती पाटीसकट, आणि उतरताना त्यालाच म्हणाली, "चार बोंबील घेऊन जा घरी, डोकं थंड होईल." अशी बाई.

अशा बाईला वर तोंड करून बोलायची कुणाची टाप नव्हती. बोलायचे ते फक्त दवाखान्यातले लोक, आणि तेही एकाच गोष्टीवरून. तिच्या नामाला हिमोफिलिया होता. म्हणजे रक्त गोठवणारा जो एक घटक माणसाच्या अंगात असतो, तो त्याच्या अंगात तयारच होत नव्हता. साधं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही, आणि नुसता मुका मार लागला तरी आतल्या आत गुडघा फुगून नारळाएवढा व्हायचा. नवा डॉक्टर असला की केसपेपर चाळायचा आणि चष्म्यावरून बघत म्हणायचा, "हा आजार आईकडून येतो, माहीत आहे ना?" कुणी ते कळवळून म्हणायचं, कुणी असं म्हणायचं की जणू हिनं पोराच्या ताटात विष कालवलंय. भागीरथी मान खाली घालत नसे. उलट पदर खोचून म्हणायची, "हां, माझ्याकडूनच आलाय. आता पुढं बोला, औषध काय देताय?"

आता यातली गंमत, गंमत कसली डोंबलाची, अशी की भागीरथीनं नामाला जन्मच दिलेला नव्हता.

नामा तिच्या नणंदेचा, गोदाचा. ही सगळी मंडळी तेव्हा भिवंडीकडच्या खाडीवर एका गावात राहायची. गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पोरगा झाला, आणि तिचं रक्त काही थांबेना. सुईण झाली, गावठी औषध झालं, होडीतनं दवाखान्यात न्यायला काढली तर ती होडीतच गेली. सासरचे लोक मातीला आले आणि माती करून निघून गेले. तान्ह्या पोराचं कुणी नावही काढलं नाही. त्या वेळी भागीरथीची मंजुळा दीड वर्षाची होती, अजून अंगावर प्यायची. भागीरथीनं कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही. एका अंगाला मंजुळा आणि दुसऱ्या अंगाला गोदाचं पोर, असं लावून मोकळी झाली.

बाराव्याला तिच्या सासूनं घराण्याची रीत केली. भागीरथीला पाटावर बसवलं, तान्हं पोर तिच्या पदराखालून वरून खाली सोडलं आणि ओटीत घेतलं, जसं काही आत्ता जन्मलं. मग पाण्याच्या तपेल्यात घरातल्या प्रत्येकानं मूठभर मीठ टाकलं. सासू म्हणाली, "हे मीठ ज्याला परत वेगळं काढता येईल, त्यानंच ह्या पोराला भागीरथीपासून वेगळं म्हणावं." झालं. त्या दिवसापासून 'दिलेला', 'घेतलेला', 'गोदाचा' हे शब्द त्या घरात बंद. कुणी दडवादडव केली असं नाही हां. बोलायचंच नाही म्हटल्यावर उरतच नाही काही, असं त्या लोकांचं होतं.

पुढं खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, जाळ्यात मासळी कमी आणि फेस जास्त यायला लागला. भागीरथीचा नवरा मोरू जाळं सोडून कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत लागला. दोन पोरं घेऊन ती दोघं कोलशेतात आली. तिथं सगळ्यांच्या लेखी मंजुळा आणि नामा ही मोरू-भागीरथीची पाठोपाठची दोन पोरं. सासू गेली, काही वर्षांनी मोरू काविळीनं गेला. मग त्या मिठाच्या पाण्याची गोष्ट ठाऊक असलेली कोलशेतात एकटी भागीरथीच राहिली.

नामाचा आजार कळला तो जावळ काढताना. न्हाव्याचा वस्तरा जरासा लागला, तर संध्याकाळपर्यंत डोक्यावर बांधलेली चिंधी भिजतच राहिली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरनं पहिल्यांदा सांगितलं, आईकडून मुलग्याला येतो, बाईला स्वतःला सहसा काही होत नाही. हे ऐकताना भागीरथीच्या मनात गोदाचं नाव आलंच नसेल असं कसं म्हणावं? आलं. होडीतलं ते रक्तही डोळ्यांपुढं आलं. पण तिनं ते नाव तिथंच झटकून टाकलं. गोदानं पोराला एक थेंब पाजला नव्हता. त्याच्या अंगात जे काय रक्तमांस होतं, ते भागीरथीच्या दुधाचं. मग आईकडून आला म्हणजे कुणाकडून आला? हिच्याकडूनच. तिचा हिशेब इतका सरळ होता. पोर आपलं तर त्याचं दुखणंही आपणच दिलेलं. हा बोजा तिनं उचलला तो कायमचा.

आणि मग काय वाढवलं तिनं त्या पोराला! गुडघा सुजला की पाटीतला बर्फ आधी त्याच्या गुडघ्याला, उरला तर मासळीला. शाळेत पोरं नाक दाबायची, "नाम्याच्या पायाला पापलेटचा वास." हेडमास्तर म्हणाले, अशा मुलाची जबाबदारी आम्ही घेत नाही. भागीरथी दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन वर्गाच्या दाराशीच बसली. "तुम्ही नका घेऊ, मी घेते. मी हितं बसते, तुम्ही शिकवा." दोन दिवसांत मास्तर नरमले. गल्लीतल्या पोरांना तिनं एकदाच दम दिला होता, पण तो एवढा सणसणीत होता की नामाला खेळताना कुणी धक्का मारायचं नाही हा नियमच पडून गेला. नामा दहावी झाला. आता नाक्यावरच्या टेलिफोनच्या बूथवर बसून नोकरी करत होता, एक पाय जरा आखडलेला, पण तोंडानं आईसारखाच फटकळ.

मंजुळाचं लग्न ठरलं तेव्हा भागीरथीनं काही लपवलं नाही. मोहन्याचा आनंदा, तिथल्या कारखान्यात कामाला, पोरगा सरळ. त्याच्या आईला, ठमाबाईला, भागीरथीनं तोंडावर सांगितलं, "माझ्या पोराला रक्ताचा आजार हाय. नंतर सांगितलं नाय म्हणू नका." ठमाबाई म्हणाली, "आजार पोराला, पोरगी तर ठणठणीत हाय ना?" आणि लग्न झालं.

एक्याण्णवच्या होळीला नामा बहिणीकडं मोहन्याला गेला आणि तिथं उंबऱ्याला अडखळून पडला. गुडघा टम्म फुगला. तिथल्या डॉक्टरनं इंजेक्शन देता देता ठमाबाईला समजावून सांगितलं, की हा आजार बायका अंगात घेऊन फिरतात आणि आपल्या मुलग्यांना देतात, बहिणीतही असू शकतो. मंजुळाला तेव्हा दुसरा महिना लागला होता. ठमाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिचाही दोष नव्हता तसा. तिनं नामाला रात्रभर कण्हताना ऐकलं होतं.

चार दिवसांत ती मंजुळाला घेऊन कोलशेतला आली. मागं आनंदा, हातात मंजुळाची पिशवी, नजर जमिनीवर. ठमाबाईनं चहाला नको म्हटलं. "विहीणबाय, आमच्या घरात रगात वाहणारं पोर नको. पोरीला दवाखान्यात नेऊन खाली करून घ्या आणि मग पाठवा. नायतर तिला हितंच ठेवा."

भागीरथी काही बोलायच्या आत मंजुळाच बोलली. "मी खाली करणार नाय. नाम्यासारखा झाला तर झाला. नाम्या काय वाईट हाय?"

"ऐकलंत?" भागीरथी म्हणाली. "आता सगळ्या गल्लीला ऐकवू का?"

मग दोघी विहिणींनी आकाशपाताळ एक केलं. शेजारपाजारची माणसं जेवणं टाकून बाहेर आली. ठमाबाई म्हणाली, "तुमचं रगातच खराब, पोरीलापण तेच दिलंय," ते मात्र भागीरथीच्या वर्मी लागलं. ते तिला खरंच वाटत होतं ना. पोराला एका अंगानं दिलं, तर पोरीला दुसऱ्या अंगानं दिलं नसेल कशावरून? आपल्या दुधानं दोन्ही पोरं नासवली, आता तिसऱ्यापर्यंत पोहोचलं, ही भीती तिच्या मनात शिरली. कुणाला कळू दिलं नाही ही गोष्ट वेगळी.

आनंदानं तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "आई, तपासणी असते म्हणे. कारखान्यात एक जण सांगत होता. मंजुळात हाय का नाय, ते आधी तर कळू दे." ठमाबाई कुरकुरली, पण लेकाचा चेहरा बघून गप्प झाली. तपासात काय निघतं ते बघून ठरवायचं, असं ठरलं. तोवर मंजुळा माहेरी.

ठाण्याच्या दवाखान्यात शनिवारी एक तरुण डॉक्टरीण बसायची. बाकीचे दिवस ती मुंबईत एका प्रयोगशाळेत हेच काम करायची. मऊ बोलायची, घाई नाही. तिनं भागीरथी, मंजुळा आणि नामा, तिघांना समोर बसवलं.

"मावशी, माणसाच्या अंगात डीएनए म्हणून एक लांबलचक धागा असतो. आईबापांकडून तो आपल्याला मिळतो. सगळ्या माणसांचा धागा जवळजवळ सारखा, पण ठिकठिकाणी बारीक फरक असतात. कुणाचा एखादा तुकडा लांब, कुणाचा आखूड. त्यानं काही बिघडत नाही, रोग होत नाही. नुसता फरक. याला आम्ही बहुरूपता म्हणतो."

"मग बिघडत नाय तर तपासायचं कश्याला?" भागीरथी म्हणाली.

"माग काढायला. रोगाची चूक नेमकी कुठं आहे ते आम्हाला अजून सगळ्यांच्यात सरळ दिसत नाही. पण तिला चिकटूनच अशी एक निरुपद्रवी खूण असते, ती दिसते. बाईकडं अशा दोन खुणा असतात. नामाला तुमची जी गेली, तिच्याबरोबर आजार गेला. मंजुळाला तीच गेली असेल तर धोका. दुसरी गेली असेल तर बाळाला भीती नाही. तुमच्या दोन्ही खुणा सारख्याच निघाल्या तर मात्र आम्ही हात टेकले. फरक असला तरच कळतं."

"असंल फरक," नामा म्हणाला. "आमच्या घरात कुणाचं कुणाशी जमत नाय."

डॉक्टरीण हसली. कागदावर लिहिता लिहिता तिनं विचारलं, "ही दोन्ही मुलं तुमचीच ना?"

"माझी नायतर काय बाजारातनं आणली?"

आता कुणी म्हणेल, इथं तरी सांगायचं. पण भागीरथीला इथं काही सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही. तिच्या मते ती शंभर टक्के खरं बोलली होती. रक्त तपासणार आहेत ना? मग नामाचं रक्त तिच्याच दुधाचं. तिनं बिनदिक्कत दंड पुढं केला, सुई टोचताना डोळाही मिटला नाही. नामाच्या दंडावर मात्र डॉक्टरणीनं बराच वेळ बोळा दाबून धरला, तेव्हा ती अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत होती.

रिपोर्टला काही आठवडे लागतील असं सांगितलं होतं. ते दिवस मंजुळानं कसे काढले तिलाच ठाऊक. सकाळी उलट्या, दुपारी रडू, आणि विचारलं तर "मला काय झालंय?" म्हणून अंगावर यायची. आनंदा सुट्टीच्या दिवशी यायचा, ओट्यावर बसून जायचा. भागीरथी बाजारात नेहमीसारखीच ओरडायची, पण पैसे परत देताना चुकायला लागली. पोटातलं वाढत होतं, आणि ठमाबाईचे निरोपही वाढत होते.

शेवटी नामाच्या बूथवर डॉक्टरणीचा फोन आला. रिपोर्ट नाही, परत रक्त द्यायला या म्हणाली. भागीरथीचं डोकं फिरलं. शनिवारी जाऊन ती डॉक्टरणीवर ओरडली. "हरवलं काय माझ्या पोराचं रगात? त्याच्या अंगात सुई घालायची म्हणजे काय हाय ते तुम्हाला ठाऊक हाय ना?" डॉक्टरीण खाली मान घालून म्हणाली, "मावशी, नळ्यांची अदलाबदल झाली असावी. एकदाच." परत रक्त, परत वाट बघणं.

त्यानंतरच्या बोलावण्याला सगळेच आले. ठमाबाई मोहन्याहून निकाल ऐकायला मुद्दाम आली होती, तोंड असं की कोर्टात शिक्षाच ऐकायची आहे. मंजुळा, आनंदा, काठी टेकत नामा. डॉक्टरीण दारात आली आणि म्हणाली, "आधी फक्त मावशी आत या." दार लागलं.

आत तिनं एक काळपट फिल्म उजेडाला धरली, एक्स-रे असतो तशी. तिच्यावर आडव्या काळ्या पट्ट्या होत्या. "या तुमच्या दोन. ही वरची, ही खालची. छान वेगवेगळ्या आहेत. मंजुळाच्या या दोन. त्यातली एक तुमच्या या वरच्या पट्टीशी जुळते. दुसरी तिच्या वडिलांची." मग बोट थांबलं. "नामाची ही एक. मुलग्याला या ठिकाणी एकच असते, आणि ती आईच्या दोहोंपैकी एक असावीच लागते. ही दोन्हींत नाही, मावशी. ही तिसरीच आहे. मला वाटलं नळी बदलली, म्हणून परत रक्त घेतलं. परत तीच आली."

भागीरथीला काही कळलं नाही असं नाही. सगळं कळलं, आणि म्हणूनच ती भडकली. "म्हंजे काय? त्या काळ्या रेघा मला सांगणार तो माझा नाय म्हणून? त्या रेघांनी त्याला पाजला? त्या रेघा बसल्या होत्या शाळेच्या दारात?"

"मी तसं म्हणत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "रेघा एवढंच सांगतात की त्याला जन्म तुम्ही दिला नाही. म्हणजे त्याचा आजार तुम्ही दिला नाही. कधीच दिला नव्हता."

हे ऐकून भागीरथीला आनंद व्हायला हवा होता. वर्षानुवर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरलेल्या बाईचा धोंडा कुणीतरी उचलला होता. क्षणभर तिला हलकं वाटलंही. आणि त्या हलकेपणाचाच तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आजार माझा नाही म्हणून बरं वाटून घ्यायचं, म्हणजे पोर माझं नाही म्हणूनच बरं वाटून घ्यायचं की.

"मावशी, मला चौकशा नाही करायच्या," डॉक्टरीण पुढं म्हणाली. "पण मंजुळाचं अडलंय. नामा तुमच्या बहिणीचा असेल, तर आजार तुमच्या माहेरचा, आणि मंजुळाला धोका असू शकतो. दुसऱ्या कुणाचा असेल तर कदाचित काहीच धोका नाही. हे फिल्म सांगू शकत नाही. ते तुम्हीच सांगू शकता." मग हळूच, "बाहेर कुणाला कळायला नको. माझ्या कानात सांगा. मंजुळाला दोष नाही एवढंच मी लिहीन. भाऊ आजारी आणि बहीण निरोगी, असं निम्म्या वेळी असतंच. नामाला आयुष्यात कळणार नाही."

बघा, किती सोपं होतं. पोरगी सुटत होती, नातू सुटत होता, आणि पोरगाही हातचा जात नव्हता. दुसरी कुणी असती तर डॉक्टरणीचे पाय धरले असते. भागीरथीनं नाक पुसलं आणि ताठ बसली.

"बाय, तू चांगल्या मनानं बोलतीस. पण ऐक. इतकी वर्षं मी बोलले नाय, लपवलं नाय. लपवणं वेगळं. आज तुझ्या कानात सांगितलं तर ते लपवलं होईल. माझ्या पोराची गोष्ट त्याच्या पाठीमागं सांगायला मी काय चोरी केलीय?"

"पण तो..." डॉक्टरीण म्हणेपर्यंत भागीरथीनं दार उघडलं होतं. "या रे सगळी आत. तुम्हीपण या, विहीणबाय, तुम्ही तर पहिल्या या."

एवढीशी खोली, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. नामाला तिनं खुर्चीत बसवलं, त्याच्या समोर स्वतः उभी राहिली, आणि त्याच्याकडं बघत सगळं सांगितलं. गोदाचं बाळंतपण, होडी, पाट, पदर, मीठ. काही वगळलं नाही आणि काही मऊ केलं नाही. मंजुळा तोंडावर हात ठेवून ऐकत होती. नामा आईकडं बघत होता.

डॉक्टरणीनं कागद पुढं ओढला. "गोदाबाई तुमच्या मिस्टरांची सख्खी बहीण? आणि मिस्टरांना कधी असं रक्ताचं काही?"

"त्यांना? चाकूनं बोट कापलं तर चिंधी बांधून परत जाळं ओढायचे."

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "पुरुषाच्या अंगात हा दोष लपून राहत नाही. त्यांना नव्हता, म्हणजे त्यांच्याकडून मंजुळाला आलेला नाही. आणि तुमच्यात तर तो नव्हताच. मंजुळा, तुझ्या बाळाला याची भीती नाही. मुलगा होवो नाहीतर मुलगी."

मंजुळा मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आनंदा तिच्याशेजारी जमिनीवर बसला, आईकडं न बघता. ठमाबाईचा जीव भांड्यात पडला होता, पण तोंड कुठं गप्प बसतंय? "अगं बाय, म्हंजे पोरगा तुमचा नव्हंच! मग आधी सांगायचं नाय होय? माझ्या सुनेला उगाच एवढा घोर."

"कुणाचा नव्हं?" भागीरथी गर्रकन वळली. "परत म्हणा. त्याच्या तोंडावर म्हणा." ठमाबाईनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीण दरम्यान कागदावर घराण्याचा नकाशा काढत होती, बायकांना गोल आणि पुरुषांना चौकोन. गोदाच्या गोलाखाली तिनं सरळ रेघ मारून नामाचा चौकोन काढला. मग जरा थांबून भागीरथीच्या गोलापासून त्याच चौकोनापर्यंत तुटक तुटक रेघ मारली.

"ही काय?" भागीरथीनं विचारलं.

"घेतलेल्या मुलासाठी अशीच काढतात, मावशी. तशी पद्धत आहे."

"तुटकी कश्याला? मी काय त्याला मधनंमधनं पाजलाय? सलग मार."

डॉक्टरणीनं तुटक्या रेघेवरून पेन फिरवलं आणि मधल्या जागा भरून टाकल्या.

आता नामा बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका चिडलेला होता की मंजुळा रडायची थांबली. "मला सांगितलं नाय त्याचं काय नाय. पण जिथं गेलो तिथं, ज्यानं त्यानं तुला सुनावलं. आईकडून आला, आईकडून आला. वॉर्डबॉयपण बोलून गेलेला तुला. आणि तू दरवेळी छाती पुढं काढून हां म्हणायचीस. का ऐकून घेतलंस? एकदा तरी त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतंस ना, की मी नाय ह्याची आई."

भागीरथीनं त्याच्याकडं असं बघितलं, की एवढा शिकलेला पोरगा आणि एवढं साधं कसं कळत नाही याला.

"आणि खोटं बोलू?" ती म्हणाली.